सव्वादोन वर्षांच्या मुलीचा स्वभाव : किती ओळखावा, किती घडवावा?

प्रश्न : एक बाबा, ठाणे

आमची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. घरात मी, माझी पत्नी आणि माझे आईवडील असे चौघे असल्यामुळे तिच्याकडे सतत कोणाचे ना कोणाचे लक्ष असते. ती वर्षाची होईपर्यंत आमचे तिच्याविषयीचे सगळे बोलणे झोप, दूध, दात, वजन आणि लसी यांच्याभोवती फिरत असे. गेल्या काही महिन्यांत ते पार बदलले आहे. आता रात्री जेवताना आम्ही तिच्या आवडीनिवडींविषयी, तिच्या रागाविषयी आणि कोणाशी तिचे कसे जमते याविषयी बोलतो, आणि स्वतःची ठाम मते असलेले एक नवे माणूस घरात वावरू लागले आहे हे चौघांनाही जाणवते.

तिला पोळी अखंड हवी असते. सोयीसाठी तुकडे करून दिले तर ती ताट दूर सारते आणि दुसरी पोळी दिली तरी बराच वेळ शांत होत नाही. सकाळी गॅलरीचे दार आजोबांनीच उघडायचे, तुळशीला पाणी तिनेच घालायचे आणि तिच्या चपला बाबांच्या चपलांशेजारीच ठेवायच्या, हे तिने ठरवून टाकले आहे. आजी मटार सोलायला बसली की ती शेजारी बसून एकेक दाणा वाटीत टाकते आणि तेव्हा तिला हाक मारलेली आवडत नाही. आईचे, म्हणजे तिच्या आजीचे, गुडघे दुखतात. ती गुडघ्यावर हात ठेवून बसली की मुलगी आतून तेलाची बाटली घेऊन येते. हे तिला कोणी शिकवलेले नाही, आणि म्हणूनच हे पाहताना मला जितका आनंद होतो तितकेच नवलही वाटते.

मात्र घराबाहेर ती निराळी असते. सोसायटीच्या बागेत ती घसरगुंडीपासून दूर उभी राहून इतर मुलांना बराच वेळ नुसती पाहते. लग्नकार्यात कोणी कौतुकाने जवळ घ्यायला गेले की माझ्या खांद्यात तोंड लपवते. तिच्याच वयाचा तिचा चुलतभाऊ कोणाच्याही कडेवर हसत जातो, त्यामुळे तुलना होतेच, आणि नातेवाईकांत तिच्यासाठी ‘बुजरी’ आणि ‘हट्टी’ ही दोन विशेषणे आता रूढ झाली आहेत. ती समोर असतानाच ती वापरली जातात आणि तिला ती कळत असावीत असे मला वाटते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो, आणि लहानपणीच वळण लावले पाहिजे असेही म्हणतो. या दोन्हींपैकी मी कशाला किती धरून राहावे? या वयात दिसणारा स्वभाव पुढे टिकतो का? येत्या जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचे आहे, त्या दृष्टीने तिला आतापासून अधिक धीट करण्याचा प्रयत्न करावा की थांबावे?

प्रतिसाद : दोन मुलांची आई, नाशिक

आपले वर्णन वाचताना मला माझा थोरला मुलगा डोळ्यांसमोर आला. आमचे दोन्ही मुलगे एकाच घरात, त्याच आईवडिलांकडे, बहुतेक त्याच सवयींत वाढले. तरीही थोरला कुठेही गेला की आधी पाहून घेणारा आणि धाकटा आधी उडी मारून मग मागे वळून पाहणारा. दुसरे मूल झाल्यावर पालकांच्या मनावरचे एक ओझे आपोआप उतरते, कारण मुलाचे सगळेच गुणदोष आपल्या संगोपनातून आलेले नसतात हे तेव्हा स्वच्छ दिसते.

थोरल्यासाठी आम्ही एक गोष्ट नेमाने केली. कार्यालयात समारंभ असेल तर गर्दी होण्याच्या आधी पोहोचायचे. रिकाम्या खुर्च्या, स्टेज, जेवणाची पंगत कुठे बसणार ती जागा, हे सगळे त्याच्या बरोबर फिरून पाहायचे. मग माणसे एकेक करून येत, आणि त्याला ती एकदम अंगावर आल्यासारखी वाटत नसत. आता तो चौथीत आहे. नव्या जागी तो आजही आधी पाहतो, पण एकदा मनाने उतरला की मैदानावर त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो. त्याचे ते आधी पाहणे आम्हाला कधी काढून टाकावेसे वाटले नाही.

प्रतिसाद : बालविकास विषयाची प्राध्यापिका, पुणे

आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नावर, म्हणजे स्वभाव टिकतो का यावर, बराच अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ दांपत्य अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 मध्ये तान्ह्या मुलांचा एक अभ्यास सुरू केला आणि ती मुले मोठी होईपर्यंत तो चालू ठेवला. मुलाची हालचाल, झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीला त्याचा पहिला प्रतिसाद, बदलाशी जुळवून घेण्याचा वेग, प्रतिक्रियेची तीव्रता, चिकाटी अशा 9 अंगांनी त्यांनी मुलांचे वर्णन केले. त्यांच्या पाहणीत सुमारे 40 टक्के मुले सहज रुळणारी होती, सुमारे 10 टक्के सांभाळायला अवघड होती आणि सुमारे 15 टक्के मुले अशी होती की ती नव्या गोष्टीपासून आधी मागे सरत आणि पुरेसा वेळ मिळाला की हळूहळू पुढे येत. उरलेली सुमारे 35 टक्के मुले कोणत्याच गटात नीट बसली नाहीत. मला हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गट पाडण्यासाठीच इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांनाही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांना नाव देता आले नाही.

आपली मुलगी त्या हळूहळू रुळणाऱ्या मुलांसारखी दिसते, एवढे आपल्या वर्णनावरून म्हणता येईल. पण या अभ्यासाचा खरा निष्कर्ष वेगळा आहे. मूल पुढे सुखाने वाढेल की अडचणीत येईल हे एकट्या मूळ स्वभावावरून ठरत नाही. तो स्वभाव आणि घर, शाळा, माणसे यांची त्याच्याकडून असलेली अपेक्षा यांचा मेळ किती बसतो, यावर ते अवलंबून असते, असे थॉमस आणि चेस यांनी मांडले. हळूहळू रुळणारी मुलगी शांत घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच मुलगी रोज पाहुण्यांचा राबता असलेल्या आणि प्रत्येकाकडे हसत जाण्याची अपेक्षा ठेवणाऱ्या घरात ‘समस्या’ ठरते. तिच्यात काही बदललेले नसते, बदललेली असते ती अपेक्षा.

हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनीही अनेक वर्षे बुजऱ्या मुलांचा अभ्यास केला. चार महिन्यांच्या बाळांना नवी दृश्ये, आवाज आणि वास दिले असता सुमारे 20 टक्के बाळे जोराने हातपाय झाडत आणि रडत. यांतील बरीच मुले पुढे दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसांपुढे आणि नव्या वस्तूंपुढे बिचकणारी निघाली. म्हणजे मुळाशी शरीराचा भाग आहे हे खरे. पण त्यांतील थोडीच मुले पुढे सातत्याने तितकी बुजरी राहिली, आणि अतिशय बुजरे बाळ मोठेपणी अतिशय बेधडक होणे मात्र विरळाच आढळले. मूळ स्वभाव वाढीला एक मर्यादा घालतो आणि त्या मर्यादेच्या आत पुष्कळ मोकळी जागा ठेवतो, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

आता आपण सांगितलेल्या काही प्रसंगांविषयी. मुलाच्या नकळत त्याच्या नाकावर रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर आणण्याचा एक जुना प्रयोग आहे. 1972 मध्ये तो प्रसिद्ध झाल्यापासून अनेक ठिकाणी केला गेला. वर्षाचे मूल आरशातल्या बाळाकडे पाहून हसते, पण साधारण 18 ते 24 महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुले आरशाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावू लागतात. आरशातली ती मी, हे उमगणे आणि सगळे आपल्याकडे पाहत आहेत या जाणिवेने संकोचणे, या दोन गोष्टी वाढीत जवळजवळ एकत्रच येतात. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलीने कौतुकाच्या वेळी तोंड लपवणे हे नेहमी भीतीचे लक्षण नसते. आपण दिसतो आहोत हे तिला नुकतेच कळले आहे आणि त्याचे काय करायचे हे अजून कळलेले नाही.

तेलाच्या बाटलीचेही असेच आहे. कॅलिफोर्नियात 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधिकेने मुलांसमोर बिस्किटे खाऊन तोंड वाकडे केले आणि ब्रोकोली खाऊन आनंद दाखवला, आणि मग हात पुढे करून मुलांकडे खाऊ मागितला. 14 महिन्यांच्या मुलांनी तिला बिस्किट दिले, कारण त्यांना स्वतःला तेच आवडत होते. 18 महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. दुसऱ्याला आपल्याहून वेगळे काही हवे असू शकते हे समजणे ही माणसाच्या आयुष्यातली फार मोठी पायरी आहे, आणि आजीला तेल हवे असेल हे ओळखणारी आपली मुलगी ती पायरी चढून गेली आहे. तिच्या नातेवाईकांनी एखादे विशेषण वापरायचेच असेल, तर या प्रसंगावरूनही ते शोधता येईल.

अखंड पोळीबद्दल थोडेच लिहिते. मारिया माँटेसोरी यांनी या वयातील मुलांची क्रम आणि व्यवस्था यांची ओढ फार आस्थेने टिपली आहे. ज्या मुलाला काळ, कारणे आणि मोठ्यांचे बेत यांतले काहीच नीट कळत नाही, त्याला वस्तू आपल्या जागी आणि आपल्या रूपात असणे हाच मोठा आधार असतो. शिवाय तीव्र इच्छा झाली की तिला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी उलटावी लागते. दोन वर्षांच्या मुलीने मोडलेल्या पोळीसाठी रडणे याला हट्टीपणा म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे; केवळ एक सावधगिरी नोंदवतो. स्वभाव आहे असे मानून खऱ्या अडचणीकडे दुर्लक्ष होऊ नये. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर मूल दोन शब्द जोडून बोलते का, नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का, आवडलेली वस्तू बोटाने दाखवून आपल्या डोळ्यांत पाहते का आणि घरच्या माणसांशी खेळात रमते का, एवढे पाहावे. यांपैकी काही नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द वा हावभाव नाहीसे झाले असतील, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे आणि श्रवणचाचणीही करून घ्यावी. आपल्या मुलीविषयी आपण जे लिहिले आहे त्यात मला चिंतेचे काही दिसत नाही. झोपेकडे मात्र लक्ष असू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह 11 ते 14 तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप हवी. लग्नकार्याच्या दिवशी दुपारची झोप हमखास बुडते, आणि संध्याकाळी चिडलेल्या मुलाला सगळे हट्टी म्हणतात.

प्रतिसाद : एक आजी, बेळगाव

मी थोडे वेगळे मत मांडते, राग मानू नये. मुलीच्या कलाने घ्यावे हे खरेच आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्याकडे मूल केवळ आईबापाचे नसते. आत्या, मावश्या, काका, शेजारच्या काकू या सर्वांना ते आपले वाटते, आणि त्यांनी जवळ घ्यायला हात पुढे करणे हा त्यांचा जिव्हाळा आहे. त्यांच्यापासून तिला दूर ठेवले तर तिचे बुजणे वाढेल, आणि ती माणसेही मनाने दूर जातील. माझ्या नातीलाही कोणाकडे जायला नको असे. तिला आम्ही कधी ओढून कोणाच्या कडेवर दिले नाही, पण घरी आलेल्या माणसाला पाण्याचा पेला नेऊन द्यायचा हे काम तिच्याकडे दिले. पेला दोन्ही हातांनी धरून जाताना तिचे लक्ष पेल्यावर असे, माणसावर नसे, आणि समोरचा पाणी पिईपर्यंत ती तिथे उभी राही. असे करता करता ती चार शब्द बोलू लागली. मी वळण म्हणते ते एवढ्यालाच.

दुसरे, मुलीला कोणाची तरी उपमा देणे सर्वस्वी वाईट असते असे मला वाटत नाही. ‘अगदी आत्यावर गेली आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तिला दोष देत नसतो. तू आमच्यातलीच आहेस, तुझ्यासारखे कोणीतरी या घरात आधीही होते आणि त्याचे छान झाले, असे सांगत असतो. आपल्या घरात असे शांत, पाहून मग पाऊल टाकणारे कोणी असेल तर तिला त्यांच्या लहानपणच्या गोष्टी जरूर सांगाव्यात.

प्रतिसाद : निवृत्त बालवाडी शिक्षिका, डहाणू तालुका

माझी सारी नोकरी लहान मुलांत गेली, आणि ज्या भागात गेली तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची सावली अजून आहे. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून महाराष्ट्रात परतल्या आणि 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहिल्यावर या दोघींनी मुले अनुत्सुक आहेत असा निष्कर्ष काढला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. वर प्राध्यापिकाबाईंनी मेळ बसण्याविषयी जे लिहिले आहे, ते आमच्याकडे या रूपाने माझ्यासमोर होते. मूल येत नसेल तर आपण कुठे उभे आहोत ते आधी पाहायचे, ही शिस्त मला त्यातून लागली.

आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की एक वही करावी आणि तिच्यात मुलीने काय केले ते लिहावे, ती कशी आहे ते लिहू नये. ‘आज बुजली’ असे लिहिण्याऐवजी ‘घसरगुंडीपासून चार पावलांवर उभी राहिली, दोन मुले घसरून गेल्यावर एक पाऊल पुढे आली, मोठा मुलगा धावत आल्यावर मागे सरली’ असे लिहावे. आम्ही शिक्षिका अशा नोंदी ठेवत असू, आणि महिन्याने वाचल्यावर पुष्कळदा दिसे की मूल मुलांना घाबरत नसून केवळ धावत अंगावर येणाऱ्या मुलांना घाबरते, किंवा सकाळी पुढे जाते आणि संध्याकाळी जात नाही. विशेषण एकदा लिहिले की पाहणे थांबते. नोंद लिहिली की दुसऱ्या दिवशी अधिक बारकाईने पाहावेसे वाटते. पालकांच्या सभेत मी हे फार आग्रहाने सांगत असे आणि आजही सांगते.

आणखी एक. बागेत दूर उभे राहून पाहणारे मूल काहीच करत नाही असे मोठ्यांना वाटते. प्रत्यक्षात ते खेळाचे नियम, पाळी, कोण ढकलते, कोण जागा देते, हे सगळे शिकत असते. अशी मुले खेळात उतरली की इतरांपेक्षा कमी भांडतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : ठाणे

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. आजीबाईंचा पाण्याच्या पेल्याचा उपाय माझ्या आईला फार आवडला, आणि माझ्या वडिलांनी प्रथमच सांगितले की ते स्वतः लहानपणी पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसत. आम्हा कोणालाच हे ठाऊक नव्हते. सोसायटीतल्या गणपतीच्या आरतीला सर्वांत पुढे उभे राहणाऱ्या माझ्या वडिलांविषयी हे ऐकल्यापासून मुलीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे, आणि तिची आणि आजोबांची इतकी गट्टी का आहे याचाही थोडा उलगडा झाला आहे.

तरीही एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे राहते. आजीबाईंनी जिव्हाळ्याचे जे लिहिले ते मला पटते, पण ‘आत्यावर गेली’ आणि ‘बुजरी आहे’ यांत मला फरक वाटतो. पहिल्यात तिला एक माणूस सोबतीला मिळते, दुसऱ्यात काहीच मिळत नाही. म्हणून नातेवाईकांना मी आता इतकेच सांगायचे ठरवले आहे, की ती आधी पाहते आणि मग येते, तुम्ही बसा, ती येईल. वही आणली आहे आणि पत्नीने पहिली नोंद केलीही आहे.

डहाणूच्या ताईंना एक विचारायचे आहे. जूनमध्ये बालवाडी सुरू होईल तेव्हा पहिल्या आठवड्यात आम्ही नेमके काय करावे? मूल रडले तरी लगेच निघून जावे, म्हणजे ते लवकर रुळते, असे आमच्याकडे अनेक जण सांगतात.

प्रतिसाद : निवृत्त बालवाडी शिक्षिका, डहाणू तालुका

तिची नजर चुकवून निघून जाऊ नये, एवढे पक्के धरावे. पळून गेलेल्या माणसावर मूल पुढे लक्ष ठेवते आणि मग खेळात त्याचे मन लागत नाही. मे महिन्यात बालवाडीच्या ताईंची परवानगी घेऊन वर्ग रिकामा असताना तिला एकदोनदा घेऊन जा. नाशिकच्या ताईंनी कार्यालयाविषयी जे लिहिले तेच इथेही लागू पडते. पहिल्या दिवशी थोडाच वेळ बसा आणि तिला मांडीवरून उठायला सांगू नका. ताईंना आधीच कळवा की ती पाहून मग येते, आणि तिला मटार सोलण्यासारखे हातांचे काम आवडते. समजूतदार ताई तिच्यापुढे मणी, बिया किंवा शेंगा यांचे ताट ठेवतील आणि स्वतः शेजारी बसून तेच काम करू लागतील. निघताना ‘डबा खाऊन झाला की बाबा येतील’ असे तिला कळेल त्या वेळेच्या खुणेने सांगा आणि त्या वेळी दारात हजर राहा. काही दिवस ती रडेल. रडतानाही ताईंकडे किंवा खेळण्यांकडे पाहत असेल तर काळजी करू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही वर्गात काहीच हातात घेत नसेल, तर तास कमी करून पुन्हा सावकाश वाढवा, आणि हे करायला तयार असलेली बालवाडीच निवडा.